आठ तास की बारा-चोवीस? पोलिसाच्या घरातून विचारते आहे

ज्योत्स्ना_बदलापूर

नमस्कार मंडळी. कित्येक वर्षं इथे नुसती वाचते, धागा पहिल्यांदाच काढते आहे.

माझे यजमान मुंबई पोलीस दलात हवालदार आहेत. तेवीस वर्षं सर्व्हिस झाली. राहतो बदलापूर पूर्वेला, नेमणूक पूर्व उपनगरातल्या एका पोलीस ठाण्यात. दारातून दारात पावणेदोन तास, तेही गाडी वेळेवर असेल तर.

मे २०१६ मध्ये देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांची ड्युटी प्रायोगिक म्हणून सुरू झाली. दत्ता पडसलगीकर साहेब तेव्हा आयुक्त होते, आणि योजना मांडली होती देवनारच्याच एका अंमलदाराने, म्हणजे शिपाई-हवालदारांतल्याच एकाने. पुढे ती बाकीच्या पोलीस ठाण्यांत आली तेव्हा मी चाळीत पेढे वाटले होते. लग्नानंतर पहिल्यांदा यांना संध्याकाळी सहा वाजता घरात चहा पिताना पाहिलं. मुलगी तेव्हा बालवाडीत होती. ती दर पाच मिनिटांनी येऊन विचारायची, "बाबा, आता जाणार?"

मग कोरोना आला आणि बारा तास ड्युटी, चोवीस तास आराम अशी पद्धत सुरू झाली. आमच्याकडे आजही तीच चालू आहे. हे म्हणतात, "बारा-चोवीसच बरी. रोज बदलापूर-कुर्ला करण्यापेक्षा एकदाच जाऊन काम करावं आणि एक दिवस पाठ टेकावी." मी म्हणते आठ तासच हवेत. बारा तासांचे चौदा कधी होतात कळत नाही, येण्याजाण्याचे साडेतीन धरले तर चोवीसातले उरतात किती? आणि उरतात तेही झोपेत जातात.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर मी लाल पेनाने 'दि' आणि 'रा' लिहिते. दिवस आणि रात्र. बारा-चोवीसमध्ये एक आड एक येतं, सोमवारी सकाळी आठला गेलेला माणूस मंगळवारी रात्री आठला पुन्हा हजर आणि गुरुवारी परत सकाळी. शरीराला कळतच नाही झोपायचं कधी. गेल्या वर्षी यांना रक्तदाबाची गोळी सुरू झाली.

इथे दलातली माणसं आहेत, घरची मंडळी आहेत, नुसते नागरिकही आहेत. तुमचा अनुभव सांगा. आम्हा दोघांत कोण बरोबर?

सागरलाट

आठ तास. प्रश्नच नाही ताई.

निवृत्त_वर्दी

सौ. ज्योत्स्ना, आशीर्वाद. मी १९७४ ला शिपाई म्हणून भरती झालो आणि सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो. आमच्या वेळी हा प्रश्न विचारायचीच सोय नव्हती. हजेरीला उभं राहायचं, नाव पुकारलं की जायचं, सोडतील तेव्हा यायचं. कायदाच तसा आहे. १९५१ च्या पोलीस कायद्याचं कलम २८ म्हणतं की पोलीस हा सदैव कामावर आहे असं मानलं जाईल. ते कलम आम्हाला पाठ करायला लावलं होतं.

पण एक सांगतो. मी वरळीच्या बीडीडी चाळीत १६० चौरस फुटांच्या खोलीत राहायचो. नेमणुकीपासून पंधरा मिनिटं चालत. दुपारी जेवायला घरी यायचो. बारा तासांचे चौदा झाले तरी पोरगं झोपायच्या आत दिसायचं. तुझे यजमान आणि मी एकाच दलात नोकरी केली, पण त्यांची नोकरी माझ्यापेक्षा रोज साडेतीन तासांनी मोठी आहे, आणि त्या साडेतीन तासांचा हिशोब कुठल्याच रजिस्टरला नाही.

तेव्हा आमच्याही तक्रारी होत्या, पगाराच्या, घरांच्या, तासांच्या, साहेबांच्या घरच्या कामांच्या. त्यातूनच १९८२ चं मुंबई पोलिसांचं बंड झालं. १८ ऑगस्ट. मी तीस वर्षांचा होतो. रस्त्यावर लष्कर आलेलं मी चाळीच्या गॅलरीतून पाहिलं. संघटनेची मान्यता गेली, कित्येकांची नोकरी गेली. माझ्या खोलीशेजारचा एक जण बिऱ्हाड बांधून गावी गेला तो परत दिसला नाही. तेव्हापासून आपल्या तासांबद्दल अंमलदार मोठ्याने बोलत नाही. १९६६ च्या कायद्याने परवानगीशिवाय संघटना करता येत नाही, मग बोलणार तरी कुणाच्या तोंडून? म्हणून तू विचारलंस ते बरं केलंस. घरच्यांनी विचारावं.

दादर_पश्चिम

नागरिकाची बाजू मांडतो, ज्योत्स्नाताई राग मानू नका.

दोन वर्षांपूर्वी वडिलांची फसवणूक झाली, फोनवरून खात्यातले पैसे गेले. आम्ही एका पोलीस ठाण्यात दुपारी तीनला गेलो. जे होते त्यांनी सगळं ऐकून घेतलं, कागदावर टिपलंही. मग पाळी बदलली. नवीन आलेल्यांनी पहिल्यापासून विचारलं. सायबरचे अधिकारी बाहेर होते, ते रात्री आले, पुन्हा पहिल्यापासून. माझ्या ७६ वर्षांच्या वडिलांनी तीच लाजिरवाणी गोष्ट तीन वेळा सांगितली. तिसऱ्या वेळी त्यांचा आवाज गेला.

तास कमी व्हावेत हे पटतं. पण पाळ्या जितक्या जास्त तितके हात बदलणार. आठ तासांत दिवसाला तीन वेळा, बारा तासांत दोन वेळा. त्रास तक्रारदाराला होतो. याचं काय?

तिसरी_पाळी

दादर_पश्चिम, तुमच्या वडिलांचं वाचून वाईट वाटलं. मी पालिकेच्या रुग्णालयात परिचारिका आहे, सव्वीस वर्षं तिन्ही पाळ्या केल्या. हात बदलणं हा आमच्याकडे रोजचा विषय. पण त्यावर उपाय म्हणून आम्ही कधी पाळ्या लांबवल्या नाहीत, ओव्हर देणं पक्कं केलं.

ओव्हर म्हणजे काय ते सांगते. जाणारी सिस्टर आणि येणारी सिस्टर दोघी मिळून एकेका खाटेपाशी जातात. टेबलाशी बसून नाही, खाटेपाशी. "हे काका, काल ऑपरेशन झालं, ड्रेन इतका आला, दोनला इंजेक्शन दिलंय, पुढचं दहाला, रात्री घाबरतात, दिवा बंद करू नकोस." हे शेवटचं वाक्य कुठल्याच केसपेपरवर नसतं, पण ते सांगितलं नाही तर रात्रपाळीवालीची सगळी रात्र जाते. मग वहीत लिहायचं, दोघींच्या सह्या. वीस मिनिटं लागतात, आणि ती ड्युटीतच धरलेली असतात.

तुमच्या वडिलांच्या बाबतीत पहिल्या माणसाने दुसऱ्याला तुमच्यासमोर उभं करून "यांचं मी ऐकलंय, कागद हा, यांना पुन्हा विचारू नकोस" एवढं म्हटलं असतं तर?

निवृत्त_वर्दी

सिस्टर, चार्ज देणं-घेणं आमच्यातही आहे. ठाणे अंमलदार चार्ज देताना लॉकअपमधले आरोपी मोजून देतो, हत्यारं मोजून देतो, वायरलेस संच देतो, स्टेशन डायरीला नोंद करतो. पण तुमचं वाचल्यावर लक्षात आलं की आम्ही मोजता येईल तेच देतो. बाकावर बसलेला म्हातारा तक्रारदार कुणी चार्जमध्ये दिलेला मी चौतीस वर्षांत पाहिला नाही. मीही दिला नाही.

आकडेमोड

ज्योत्स्नाताई, तुमच्या भांडणात गणित घालतो.

बारा-चोवीस म्हणजे दर ३६ तासांत १२ तास काम. आठवड्याचे १६८ तास धरले तर सरासरी ५६ तास. आठ तास आणि साप्ताहिक सुट्टी असेल तर ४८. म्हणजे तुमचे यजमान आठवड्याला पूर्ण एक पाळी जास्त करतात, तीही सगळं वेळेवर सुटलं तर. पण फेऱ्या मोजा. आठ तासांत आठवड्याला सहा, बारा-चोवीसमध्ये सरासरी पावणेपाचच्या आत. साडेतीन तासांची फेरी धरून आठ तासांत प्रवास २१ तास, बारा-चोवीसमध्ये १६ च्या थोडा वर. एकूण घराबाहेरचे तास ६९ विरुद्ध ७२. तीनच तासांचा फरक! बदलापूरहून बघितलं तर यजमान फार चुकीचे नाहीत. तेच वरळीतून बघा, अर्ध्या तासाची फेरी धरा, ५१ विरुद्ध ५८. काकांच्या खोलीतून आठ तास सरळ जिंकतात.

आता पोलीस ठाण्याच्या बाजूने. एक जागा चोवीस तास भरलेली ठेवायची, आठ तासांच्या पाळ्यांत, तर माणसं तीन लागतात असं सगळे समजतात. तीन नाही लागत. ५२ साप्ताहिक सुट्ट्या, २० किरकोळ रजा (२०२२ मध्ये १२ च्या २० झाल्या), ३० अर्जित रजा वजा केल्या की माणूस वर्षाला २६३ दिवस मिळतो. ३६५ भागिले २६३, गुणिले तीन. चारच्या वर येतं. आजारपण, प्रशिक्षण, कोर्टातली साक्ष यात धरलेलीच नाही.

समजा एका पोलीस ठाण्यात प्रत्यक्ष १०० अंमलदार आहेत. रोज हजर ७२. त्यातले ठाणे अंमलदार, लॉकअप गार्ड, वायरलेस, कोर्ट, समन्स-वॉरंट, मुद्देमाल, गोपनीय, पासपोर्ट, सीसीटीएनएस (गुन्ह्यांची संगणकावरची नोंद) या बांधलेल्या कामांत समजा २४ गेले. उरले ४८. तीन पाळ्यांत सोळा-सोळा. या सोळांत बीट, गाडी, नाकाबंदी, मोर्चा, दवाखान्यातला आरोपी. बारा-चोवीस केलं की साप्ताहिक सुट्टी वेगळी द्यावी लागत नाही, मग त्याच हिशोबाने पाळीला वीस-एकवीस मिळतात. वरिष्ठ निरीक्षकाच्या दृष्टीने ते चार-पाच लोक सोन्यासारखे. ते कुठून आले? ताईंच्या कॅलेंडरवरून आले.

माझं मत विचाराल तर आठ की बारा हा दुसरा प्रश्न आहे, पहिला प्रश्न १०० चे १४० कधी करणार हा आहे. हैदराबादच्या ॲडमिनिस्ट्रेटिव्ह स्टाफ कॉलेजने २०१४ मध्ये पोलीस संशोधन व विकास ब्युरोसाठी देशभरचा अभ्यास केला होता. पोलीस ठाण्यांतले जवळपास ९० टक्के लोक आठ तासांपेक्षा जास्त काम करतात असं त्यात निघालं, आणि आठ तास करायचे तर मंजूर संख्येच्या १.६८ पट माणसं लागतील असं म्हटलं होतं.

सागरलाट

माझा "प्रश्नच नाही" मागे घेतो. प्रश्न आहे.

बक्कल_नंबर

मी दलात आहे, नऊ वर्षं. गाव सातारा जिल्ह्यात, इथे घाटकोपरला चौघांत एक खोली.

मला बारा-चोवीसच पाहिजे. रात्रपाळी करून सकाळी आठला सुटलो, एक किरकोळ रजा जोडली की आईला भेटून येता येतं. आठ तासांत तो आठवड्याचा एक दिवस एसटीतच जायचा. खोलीचंही गणित आहे. चौघांत दोन पलंग, दोघं ड्युटीला असतात म्हणून पुरतात. 😀 सगळ्यांची सुट्टी एकाच दिवशी आली तर दोघांनी गच्चीत झोपायचं.

पण आठ तासांच्या काळात एक झालं ते खरं सांगतो. माझ्या बरोबरचा एक जण रात्र महाविद्यालयात जाऊन पदवीधर झाला. दुसऱ्याने पोरीला पोहायला शिकवलं. बारा-चोवीसमध्ये असलं काही लावून घेता येत नाही, कारण उद्या संध्याकाळी सहाला मी कुठे असेन हे मला आज सांगता येत नाही.

खाकी_आई

महिला पोलीस शिपाई, सेवा चौदा वर्षं, मुलगा पाच वर्षांचा.

२०२१ मध्ये महासंचालक कार्यालयाने महिलांना आठ तास द्या असं सांगितलं आणि जानेवारी २०२२ मध्ये मुंबईतही आदेश निघाला. तो दिवस मी विसरणार नाही. पण त्यानंतर काय झालं तेही सांगायला हवं. आदेश आला, माणसं आली नाहीत. मी चारला निघते तेव्हा माझ्या जागी कुणीतरी पुरुष सहकारी थांबतो. तो तोंडाने काही बोलत नाही, पण मान वर करून घड्याळाकडे बघतो. त्यालाही घर आहे, त्याच्याही घरी पाच वर्षांचं पोरगं आहे. मला मिळालं ते माझ्या हक्काचं होतं, पण दुसऱ्याच्या ताटातून काढून वाढलं की घास उतरत नाही.

आणि बंदोबस्तात आठ तास वगैरे काही नसतं. अनंत चतुर्दशीला लालबागचा राजा सकाळी मंडपातून निघतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गिरगाव चौपाटीला पोहोचतो, हे सगळ्यांना माहीत आहे. त्या रस्त्यावर उभी असलेली बाई मधल्या वेळात कुठे जाते हा प्रश्न कुणाला पडतो का? मी अशा दिवशी आदल्या रात्रीपासून पाणी कमी करते. डॉक्टर ओरडतात. फिरती शौचालयाची गाडी असते, पण गर्दीत आपली जागा सोडून तिथपर्यंत जायचं तर जागेवर उभं कोण राहणार? बदली द्यायला एक माणूस जास्तीचा लागतो. आकडेमोड, तुमच्या १४० मध्ये तो एक धरा.

तिसरी_पाळी

खाकी_आई, पाणी कमी करू नका हो. मूत्रमार्गाचा संसर्ग घेऊन आलेल्या वर्दीतल्या मुली मी वॉर्डात पाहिल्या आहेत. दर दोन तासांनी थोडं थोडं प्या, निदान बंदोबस्त संपल्यावर तरी भरपूर.

तपास_टिपण

सहायक निरीक्षक आहे, तपासी अधिकारी. इथे सगळे अंमलदारांच्या तासांवर बोलत आहेत, ते योग्यच. पण आठ तासांची योजना अधिकाऱ्यांसाठी कधी नव्हतीच, हेही कुणीतरी लिहायला हवं.

माझी पाळी संपते, गुन्हा संपत नाही. अटक केली की चोवीस तासांत न्यायालयासमोर हजर करायचं. त्या चोवीस तासांत वैद्यकीय तपासणी, पंचनामा, नातेवाइकांना कळवणं, रिमांड अर्ज. हे मी मध्येच दुसऱ्याच्या हातात देऊन घरी गेलो तर उद्या न्यायालयात उलटतपासणीला मीच उभा असतो. १ जुलै २०२४ पासून नवीन कायदे आले. सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक पथकाची घटनास्थळ भेट, झडतीचं चित्रीकरण, फिर्यादीला ९० दिवसांत प्रगती कळवणं. प्रत्येक गोष्ट चांगली आहे, मनापासून सांगतो, चित्रीकरणामुळे पंच फिरण्याची भीती कमी झाली. पण प्रत्येक गोष्टीला तास लागतात आणि ते तास त्याच माणसाच्या दिवसातून जातात.

दादर_पश्चिम, तुमच्या वडिलांसमोर रात्री आलेला तो तिसरा माणूस माझ्यासारखाच कुणीतरी असणार. कदाचित सकाळपासून कोर्टात होता. पहिल्या दोघांचं टिपण त्याने वाचायला हवं होतं, यात वाद नाही.

तपास आणि कायदा-सुव्यवस्था वेगळे करा असं सर्वोच्च न्यायालयाने २००६ च्या प्रकाश सिंह खटल्यात सांगितलं. सकाळी मोर्चाचा बंदोबस्त, दुपारी रिमांड, रात्री गस्त, आणि मधल्या वेळात तपास, असं जोवर आहे तोवर माझ्या पाळीला अर्थ नाही.

दादर_पश्चिम

तपास_टिपण, तुमचं वाचून थोडा वेळ गप्प बसलो. त्या रात्री आम्ही निघालो तेव्हा त्या अधिकाऱ्याच्या टेबलावर डबा न उघडलेला होता. तेव्हा रागात होतो म्हणून दिसूनही दिसला नव्हता.

मैदान_पहाटे

मी भरतीची तयारी करतोय, बीड जिल्हा. दुसरा प्रयत्न. तुम्ही सगळे माणसं नाहीत म्हणता, आम्ही इथे पहाटे चारला १६०० मीटर पळतोय, गोळा फेकतोय, एका तालुक्याच्या मैदानावर शंभर-दीडशे पोरं-पोरी असतात. गेल्या वेळी माझी लेखी थोडक्यात हुकली. माणसं आहेत दादा, घेत नाहीत वेळेवर.

आकडेमोड

मैदान_पहाटे, अगदी बरोबर. जुलै २०२३ मध्ये राज्याने महाराष्ट्र राज्य सुरक्षा महामंडळाचे ३,००० जवान ११ महिन्यांसाठी मुंबई पोलिसांना द्यायचं ठरवलं, तेव्हा शिपाई संवर्गातली सुमारे १०,००० पदं मुंबईत रिकामी असल्याचं शासनानेच म्हटलं होतं. जाहिरात, मैदान, लेखी, वैद्यकीय, मग प्रशिक्षण. दरम्यान लोक निवृत्त होतच राहतात. निवृत्तीची तारीख तर भरतीच्या दिवशीच माहीत असते. तेवढी पदं आधीच्या वर्षीच भरायला घेता येतील की.

निवृत्त_वर्दी

कंत्राटी जवान गार्डला उभा राहील, गर्दीही आवरील. पण बीटवरच्या गल्लीत कोणत्या घरात नवरा-बायकोचं पटत नाही, कोणता पोरगा रात्री उशिरा येतो, हे कळायला माणूस तिथे वर्षानुवर्षं लागतो. ११ महिन्यांत नाक्यावरचा चहावालाही ओळख देत नाही.

मैदान_पहाटे, बाळ, गुडघ्यांना जप. डांबरी रस्त्यावर पळू नकोस, मातीत पळ.

अंबरनाथ_स्लो

थोडं विषयांतर. शेवटच्या कर्जत गाडीतली वर्दीवरची मंडळी मी रोज बघतो (माझी हॉटेलची नोकरी). वर्दीवर शर्ट चढवलेला, पायात मात्र लाल बूट. उभ्या उभ्या झोपतात आणि आपल्या स्टेशनच्या आधी बरोबर जागे होतात. एकदा एक जण माझ्या खांद्यावर झोपला होता, मी माझं स्टेशन जाऊ दिलं आणि त्याच्याबरोबर बदलापूरला उतरलो. 😀 परत यायला गाडी नव्हती, त्याने मला घरी नेऊन भाकरी खायला घातली. ज्योत्स्नाताई, तुमचेच यजमान नसतील ना?

ज्योत्स्ना_बदलापूर

अंबरनाथ_स्लो, आमच्याकडे अर्ध्या रात्री असे पाहुणे बरेच येऊन गेलेत. पिठल्याबरोबर भाकरी होती का? मग आमच्याचकडे.

आठ तासांच्या काळातली हीच गोष्ट मी विसरले होते, तुम्ही आठवण करून दिलीत. दुसरी पाळी मध्यरात्री सुटायची. शेवटची कर्जत मिळाली तर मिळाली. नाही मिळाली की हे पहाटेच्या पहिल्या गाडीपर्यंत पोलीस ठाण्यातच बाकावर पडायचे. म्हणजे कागदावर आठ तास आणि घराबाहेर सोळा. पाळी साडेअकराला सुटली असती तरी चाललं असतं. एवढी साधी गोष्ट, पण वेळा ठरवताना कुणी गाडीचं वेळापत्रक समोर ठेवलं नसावं.

अंबरनाथ_स्लो

पिठलंच होतं! लसणीची चटणीपण.

नायगाव_क्वार्टर्स

सगळं फिरून घरावरच येतं. बीडीडीतल्या पोलीस कुटुंबांना पुनर्विकासात १५ लाखांत घर द्यायचं २०२२ मध्ये ठरलं. ५० वरून २५ आणि २५ वरून १५, असं भांडून भांडून आलं. ज्यांना मिळेल त्यांचं भलं होईल. पण ती निवृत्तांची आणि त्यांच्या वारसांची होतील, आज ड्युटीवर असलेला पुढचा शिपाई पुन्हा बदलापूर-विरारलाच. सेवेतल्या माणसासाठी सेवेपुरती घरं शहरात राहिली पाहिजेत. आम्ही १६० फुटांत वाढलो, पण बाबा रात्री दीडला आले तरी घरी आले.

निवृत्त_वर्दी

नायगाव, मी त्या वारसांच्या बापांपैकी एक आहे. हक्क सोडणार नाही, चाळीस वर्षं तिथे काढली. पण तुझं दुसरं वाक्यही खरं आहे. दोन्ही हवं.

खाकी_आई

ज्योत्स्नाताई, मूळ प्रश्नाला माझं उत्तर. मला आठ की बारा विचारलं तर आठ. पण "आठ, न सांगता वाढणारे" आणि "बारा, ठरल्या वेळी सुटणारे" यांत निवडायला सांगितलं तर मी बारा घेईन. मुलाला सकाळी सांगितलेली वेळ संध्याकाळी खरी ठरली पाहिजे, बस्स.

बक्कल_नंबर

अनुमोदन. आमच्याकडे पुढच्या आठवड्याची यादी रविवारी रात्री लागते, आणि ती लागेपर्यंत कुणी तिकीट काढत नाही. पंधरा दिवस आधी लागली तर अर्ध्या तक्रारी जातील. बंदोबस्त अचानक येतात मान्य, पण गणपती, ६ डिसेंबर, ३१ डिसेंबर अचानक येत नाहीत. ते तर ताईंच्या कॅलेंडरवर छापूनच येतात.

ज्योत्स्ना_बदलापूर

मंडळी, उशिरा लिहिते आहे. काल यांना पूर्ण धागा वाचून दाखवला. आज दुपारपर्यंत आराम होता म्हणून शांतपणे ऐकला. काकांचा १९८२ चा भाग दोनदा वाचायला लावला. यांचे वडीलही तेव्हा दलात होते, पण त्यांनी घरात त्याबद्दल कधी एक अक्षर काढलं नव्हतं.

मग आम्ही दोघं कॅलेंडर काढून बसलो. गेल्या महिन्यात वीस पाळ्या झाल्या. मी प्रत्येक पाळीसमोर घरी पोहोचल्याची वेळ बारीक अक्षरात लिहिलेली असते, हे यांना माहीतच नव्हतं. ठरल्या वेळेच्या तासाभरात घरी आलेले दिवस सहा. दोनदा आरामाच्या दिवशी फोन आला आणि परत गेले, त्यात एकदा मुलीची शाळेतली पालकसभा होती. हे बराच वेळ त्या सहा आकड्याकडे बघत बसले. म्हणाले, "मला वाटलं होतं बारा-तेरा तरी असतील."

आमचं भांडण असं मिटलं. यांना बारा-चोवीस प्रवासासाठी हवी आहे, मला आठ तास यांच्या तब्येतीसाठी हवेत, आणि वेळेवर सुटका दोघांनाही हवी आहे. घराजवळ बदली किंवा नेमणुकीजवळ घर मिळालं तर हे आठ तासांना हो म्हणतात, तसं मुलीसमोर कबूल करून घेतलंय. वरिष्ठ साहेब महिन्यातून एकदा अंमलदारांच्या अडचणी ऐकतात, त्यात दोन गोष्टी मांडणार आहेत. ड्युटीची यादी पंधरा दिवस आधी लावावी, आणि सिस्टरताईंची ओव्हरची पद्धत, म्हणजे बाकावर बसलेला तक्रारदारही चार्जमध्ये द्यावा. दुसरी गोष्ट तर म्हणे आज रात्रीपासून स्वतःच सुरू करणार, त्याला कुणाची परवानगी लागत नाही.

तिसरी_पाळी ताई, तुमच्या वहीत रकाने कसे असतात ते जरा लिहाल का? हे सहाच्या गाडीने निघणार आहेत, जाताना दोनशे पानी वही घेणार आहेत.

तिसरी_पाळी

लिहून घ्या. तारीख, पाळी, नाव, काय झालं, काय केलं, काय राहिलं, पुढची वेळ. आणि शेवटचा रकाना मोठा ठेवा, त्याला आम्ही नाव दिलेलं नाही. "दिवा बंद करू नकोस" तिथे लिहायचं. सह्या दोन.